दलवरच्या हाऊसबोटी : पाण्यावरच्या रोजीचे पुढे काय?

श्रीनगरच्या दल, निगीन आणि झेलमच्या पाण्यात मिळून ९१० पेक्षा जास्त हाऊसबोटी असू नयेत, असे जम्मू-काश्मीर प्रशासनाने २०२१ मध्ये ठरवले. नवी हाऊसबोट बांधायला मनाई तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे आज ज्या बोटी पाण्यावर उभ्या आहेत, त्याच काय त्या. यातली एखादी जळाली, बुडाली किंवा कुजून खाली बसली, तर तिच्या जागी दुसरी उभी करण्यासाठी परवाना हवा, देवदारचे लाकूड हवे, ते काम जाणणारा सुतार हवा आणि हे सगळे पेलणारा पैसा हवा. या चार गोष्टी एकाच वेळी जुळून येणे आज फार थोड्या कुटुंबांच्या नशिबी आहे. त्यामुळे एकेकाळी याहून कितीतरी मोठी असलेली ही वस्ती वर्षाला थोडी थोडी आटते आहे.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीरला जाणारी कुटुंबे कमी नाहीत. हाऊसबोटीतली एक रात्र आणि शिकाऱ्यातली एक संध्याकाळ या दोन गोष्टी प्रत्येक सहलीत असतातच. परत आल्यावर फोटो दाखवले जातात, अक्रोडाच्या लाकडाचा डबा किंवा पश्मिन्याची शाल नातेवाइकांना दिली जाते. पण ज्यांच्या घरात आपण ती रात्र काढली, त्यांचे कसे चालले आहे, हा प्रश्न सहलीच्या गडबडीत राहून जातो. मी शाळेत शिकवते. वर्गात 'हाऊसबोट म्हणजे काय?' असे विचारले की मुले चटकन 'पाण्यावरचे हॉटेल' असे उत्तर देतात. उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे हा लेख.

पुढे मेहमान, मागे घर

हाऊसबोट चालवणारे लोक हांजी समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहणारा, पाण्यावर कमावणारा हा मुस्लिम समाज. इंग्रजी अमदानीत काश्मीरच्या जमिनीची मोजणी आणि साराबंदी करणारे वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ मध्ये 'द व्हॅली ऑफ काश्मीर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या समाजाची बरीच माहिती आहे. हांजी लोक आपला वंश थेट हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्यापर्यंत नेतात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पहिली नाव बांधणाऱ्या पैगंबरांशी नाते सांगणाऱ्या या लोकांत तेव्हाही कामाप्रमाणे वेगवेगळे गट होते. कोणी तळ्यातल्या तरंगत्या वाफ्यांवर भाजी पिकवणारे, कोणी शिंगाडे काढणारे, कोणी मासे धरणारे, तर कोणी मोठ्या नावांतून धान्य आणि लाकूड वाहणारे. पाहुण्यांसाठी हाऊसबोट चालवणे हा या सगळ्यांतला सर्वांत नवा धंदा.

सहलीला आलेल्या माणसाला दिसतो तो बोटीचा पुढचा भाग : कोरीव खांबांचा सज्जा, गालिचा घातलेली बैठक, जेवणाची खोली आणि ओळीने झोपण्याच्या खोल्या. मालकाचे कुटुंब मात्र बहुतेक ठिकाणी मागे राहते. कधी 'डूंगा' नावाच्या साध्या, लहान नावेत, कधी बोटीला लागूनच असलेल्या छोट्या घरात. स्वयंपाक तिथेच होतो. मुलांचा अभ्यास, आजारपण, पाहुणे-रावळे, लग्नाची बोलणी, सगळे तिथेच. पुढच्या खोल्या रिकाम्या राहिल्या की मागच्या चुलीवर त्याचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. दुकान बंद पडले तर दुकानदार घरी जातो. इथे दुकान आणि घर एकाच दोराला बांधलेले आहे.

त्या दोराला आणखीही पुष्कळ माणसे बांधलेली आहेत. शिकारा वल्हवणारा, पहाटे फुलांची नाव घेऊन येणारा, केशर आणि दागिने दाखवायला बोटीला बोट लावणारा फिरता विक्रेता, चादरी धुणारा, वाजवान शिजवणारा आचारी, तळ्यातच नदरू म्हणजे कमळकाकडी पिकवणारा शेतकरी. हे झाले रोजचे. त्याशिवाय गालिचे विणणारे, अक्रोडाचे नक्षीकाम करणारे, कागदाच्या लगद्याच्या वस्तू रंगवणारे. या कारागिरीसाठी २०२१ मध्ये युनेस्कोने श्रीनगरला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. त्या कारागिरीचे पहिले प्रदर्शन कुठल्या दालनात नाही, हाऊसबोटीच्या बैठकीत भरते. माणूस रात्री ज्या गालिच्यावर बसून चहा पितो, तसाच गालिचा सकाळी विकत मागतो.

जमीन मिळेना म्हणून पाणी

हाऊसबोटीचा जन्म एका मनाईतून झाला. १८४६ च्या अमृतसर करारानंतर काश्मीर डोगरा राजांकडे आले. बाहेरच्या माणसाला इथे जमीन घेता येत नसे. उन्हाळ्यात पंजाबच्या उकाड्यातून पळून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना ही हवा फार मानवली, पण बंगला बांधायला जागा मिळेना. मग त्यांनी पाण्याकडे पाहिले. हांजींच्या चटईच्या छपराच्या डूंगा नावा होत्याच. त्यांनाच भिंती, खिडक्या आणि खोल्या देऊन १८८० च्या दशकात आजच्यासारखी हाऊसबोट आकाराला आली. हळूहळू त्या बोटींची मालकी आणि चालवण्याचे काम हांजी कुटुंबांकडे आले.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, पण धंदा राहिला. युरोप-अमेरिकेचे प्रवासी येऊ लागले आणि हिंदी सिनेमाने या बोटी घराघरांत पोहोचवल्या. १९६४ च्या 'कश्मीर की कली'त शम्मी कपूर दलवर गाताना दिसला. १९६५ च्या 'जब जब फूल खिले'मध्ये तर शशी कपूरने हाऊसबोटवाल्याचीच भूमिका केली. १९६६ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याबरोबर इथल्या हाऊसबोटीत राहून सतार शिकला. ज्या कुटुंबांच्या आजोबांनी हे दिवस पाहिले, त्यांच्या बोटींना आजही राण्यांची, शहरांची, परदेशी पाहुण्यांची नावे आहेत.

ज्या मनाईतून हाऊसबोट जन्मली ती मनाई आता राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरचे जमिनीचे कायदे बदलले. बाहेरच्यांना तिथे जमीन घेता येऊ लागली. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये श्रीनगरजवळच्या बडगाम जिल्ह्यात महाराष्ट्र भवनासाठी अडीच एकर जागा घ्यायला मंजुरी दिली. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली. माणसे जास्त येतील, पण त्यांच्यासाठी जमिनीवर हॉटेलेही जास्त उभी राहतील. हॉटेलवाल्याला नवा मजला चढवता येतो. हाऊसबोटवाल्याला आहे तीच बोट तरंगती ठेवता आली तरी पुष्कळ.

देवदारचे आयुष्य

बोट तरंगती ठेवणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या समाजाचा सगळा प्रश्न तिथेच अडकला आहे.

साधारण ८० ते १२५ फूट लांबीची ही बोट देवदारच्या लाकडाची असते. देवदारमध्ये नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही. लवकर कुजत नाही, म्हणजे कधीच कुजत नाही असे नव्हे. सतत पाण्यात असणारा तळ वर्षागणिक झिजतो, फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात, त्या भराव्या लागतात, पाणी आत आले तर उपसावे लागते. ठरावीक वर्षांनी तळाच्या फळ्या बदलाव्या लागतात. काळजी घेतली तर बोट दोन-तीन पिढ्या टिकते. हयगय झाली तर ती एखाद्या रात्री कलंडते. हिवाळ्यात, डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस, 'चिल्लई कलां' असतो. त्या दिवसांत तळ्याचा पृष्ठभागही गोठतो. छपरावर साचलेले बर्फ पहाटे उठून खाली ओढावे लागते, नाहीतर जुनी बोट त्या ओझ्यानेच खाली जाते. पाहुणा नसला तरी ही कामे चुकत नाहीत.

आता यात नियम येतात. तळ्याचे प्रदूषण वाढले तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २००२ मध्ये सय्यद इक्बाल ताहिर गिलानी या कायद्याच्या विद्यार्थ्याने दल वाचवण्यासाठी जनहित याचिका केली. पुढची अनेक वर्षे उच्च न्यायालयाने त्यावर आदेश दिले. २००९ नंतर हाऊसबोटींच्या दुरुस्तीवर कडक निर्बंध आले. हेतू तळे वाचवण्याचा होता, आणि तो योग्यच होता. पण लाकडी बोटीची दुरुस्ती थांबवणे म्हणजे आजारी माणसाचे औषध थांबवण्यासारखे आहे. सिमेंटच्या इमारतीला दहा वर्षे रंग दिला नाही तर ती फक्त जुनी दिसते. बोटीची दहा वर्षे दुरुस्ती झाली नाही तर ती बुडते. त्या काळात अनेक बोटी अशाच गेल्या.

२०२१ च्या धोरणाने परवानगी घेऊन दुरुस्ती करण्याची वाट मोकळी केली. ती चांगली गोष्ट झाली. पण तोपर्यंत देवदार महाग झाले होते आणि हाऊसबोट बांधणारे उस्ताद सुतार म्हातारे झाले होते. नवी बोट बांधायचीच नसेल तर तो हुन्नर मुलगा बापाकडून कशासाठी शिकेल? छताची 'खतमबंद' ही नक्षी घ्या. लाकडाचे छोटे छोटे तुकडे खिळा किंवा सरस न वापरता एकमेकांत बसवून भौमितिक आकृत्यांचे छत तयार होते. ती नक्षी आज श्रीमंतांच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत होते, म्हणून टिकली. बोटीचा तळ मात्र बंगल्याला लागत नाही. तळ बांधण्याचे कसब हाऊसबोटीबरोबरच जगते आणि तिच्याबरोबरच संपते.

आगीचे भयही आहेच. बोटी लाकडाच्या आणि एकमेकींना लागून उभ्या. एप्रिल २०२२ मध्ये निगीनमध्ये सात हाऊसबोटी जळाल्या. ११ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे दलमध्ये लागलेल्या आगीत पाच बोटी खाक झाल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. त्या तिघांचे घर गेले तसे पाच मालकांचेही एका पहाटेत सर्वस्व गेले. घर, धंदा आणि बापजाद्यांची पुंजी त्यांच्यासाठी वेगवेगळी नव्हती.

फटक्यामागून फटका

पर्यटनावर जगणाऱ्या कोणत्याही वस्तीला चांगले-वाईट हंगाम असतात. महाबळेश्वर-माथेरानच्या लोकांना हे सांगायला नको. पण दलवरच्या लोकांच्या वाट्याला जे आले, त्याला हंगाम म्हणता येत नाही.

१९८९-९० पासून काश्मीरमध्ये हिंसाचार सुरू झाला आणि पर्यटक जवळजवळ बंद झाले. कित्येक वर्षे बोटी रिकाम्या राहिल्या. दोन हजारनंतर हळूहळू माणसे परतू लागली. २०११ मध्ये दलवर तरंगते पोस्ट ऑफिसही सुरू झाले. तोच सप्टेंबर २०१४ चा महापूर आला. श्रीनगर शहराचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. त्यातून सावरताना २०१९ उजाडले. ऑगस्टच्या सुरुवातीला पर्यटकांना खोरे सोडण्याचा सरकारी आदेश निघाला, त्यानंतर कलम ३७० संपुष्टात आले आणि फोन-इंटरनेट बंद झाले. आरक्षण घ्यायला फोन नाही आणि घ्यायला आलेला माणूसही नाही, अशी ती अवस्था. पुढच्याच वर्षी कोरोना आला.

२०२२ ते २०२४ ही वर्षे बरी गेली. विमाने भरून आली. मे २०२३ मध्ये जी-२० च्या पर्यटन गटाची बैठकच दलच्या काठावर झाली. कर्ज काढून अनेकांनी खोल्या नव्या केल्या.

आणि मग २२ एप्रिल २०२५. पहलगामच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांना ठार केले. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते. आपल्या मातीतल्या सहा घरांवर जे कोसळले, त्याच्यापुढे कोणाच्याही धंद्याचे नुकसान मोठे नाही, हे आधीच स्पष्ट म्हटले पाहिजे. पर्यटकांना वाचवू पाहणारा घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाह हाही त्याच पठारावर मारला गेला. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात कडकडीत बंद पाळला गेला. लोक रस्त्यावर उतरून या हत्याकांडाचा निषेध करत होते. त्या लोकांत पर्यटनावर जगणारेही होते. त्यांना आपल्या मेहमानांचे दुःख होते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हेही कळत होते. आठवडाभरात काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळांचे दरवाजे सुरक्षेसाठी बंद झाले. ऐन हंगामातली आरक्षणे रद्द झाली.

भीती वाटली म्हणून कोणाला दोष देता येत नाही. लेकराबाळांना घेऊन निघणाऱ्या बापाने सुरक्षिततेचा विचार आधी करावा, हेच बरोबर. पण त्या भीतीची किंमत कोण मोजतो, हेही आपल्याला ठाऊक असावे. ज्यांनी गोळी झाडली त्यांनी ती मोजली नाही. ती मोजली ज्याने त्या वर्षी तळाच्या फळ्यांसाठी पैसे बाजूला ठेवले होते, त्याने.

तळे कोणी बिघडवले?

हाऊसबोटींमुळे दल घाण झाले, हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ काळ बोटींचे सांडपाणी सरळ तळ्यात जात होते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण तळ्याचा हिशेब मांडायचा तर सगळी नावे घ्यावी लागतील. दलचे पाणी मुख्यतः दाचीगामच्या डोंगरांतून तेलबल नाल्याने येते आणि दलगेटमधून झेलमकडे निघून जाते. डोंगरावरची झाडे कमी झाली की नाल्याबरोबर गाळ येतो. शेतातली खते वाहून आली की पाण्यात तण माजते. आपल्याकडे नद्यांत जलपर्णी माजते, तसाच हा प्रकार. काठावर वाढलेल्या शहराचे सांडपाणी हा तर फार मोठा वाटा. काठाने हॉटेलांची रांग उभी राहिली, वस्त्यांसाठी भर घालून पाणी मागे हटवले गेले. जुन्या श्रीनगरमधून जाणारा नाल्ला मार हा कालवा दलला आंचार तळ्याशी जोडत होता. तो १९७० च्या दशकात बुजवून त्यावर रस्ता केला गेला. तळ्याचे पाणी खेळते ठेवणारी एक वाट त्याबरोबर बंद झाली. तो रस्ता हाऊसबोटवाल्यांनी मागितला नव्हता.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. तळ्यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण झाले. २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून सुमारे २९८ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. तण काढणारी यंत्रे आली, सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली आणि अलीकडच्या वर्षांत हाऊसबोटींना काठावरच्या गटार-वाहिनीशी जोडण्याचे काम झाले. तळ्यात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना शहराबाहेर बेमिनाजवळ राख-ए-अर्थ इथे भूखंड देऊन हलवण्याचे कामही हाती घेतले गेले. तिथे पक्के घर मिळते, पण ज्याची भाजी, मासा आणि गिऱ्हाईक तळ्यात आहे, त्याच्या रोजीची व्यवस्था भूखंडाबरोबर मिळत नाही.

दलच्या पश्चिम काठावर हजरतबल दर्गा आहे. जुम्म्याला आणि मोठ्या दिवशी तिथे हजारो लोक येतात. पूर्व काठावर मुघलांच्या शालिमार आणि निशात बागा आहेत. कमळाची शेती, पहाटेचा तरंगता भाजीबाजार, मासेमारी, शाळेला होडीने जाणारी मुले हे सगळे त्याच पाण्यावर चालते. तळे मेले तर हाऊसबोट राहणार नाही, हे सगळ्यांत आधी हांजीला कळते. तळे स्वच्छ राहावे यात ज्याचा सर्वांत जास्त स्वार्थ आहे, त्यालाच तळ्याचा शत्रू ठरवले तर रक्षण करणारा एक हात आपण गमावतो.

मुलांनी काय करावे?

शिक्षिका म्हणून मला या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते. हांजी मुलांनी शिकावे, नोकरी करावी, डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, यात वाईट काय? कोणत्याही मुलाला बापाच्या धंद्याला बांधून ठेवणे हा न्याय नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांना बरे वाटते म्हणून कोणाच्या मुलीने आयुष्यभर थंडीत पाण्यावरच राहावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही. बऱ्याच कुटुंबांत तरुण पोरे आता दुसरी कामे धरतात, आणि ते साहजिक आहे.

पण स्वखुशीने जाणे वेगळे आणि पायाखालची फळी कुजली म्हणून जावे लागणे वेगळे. ज्याला हा धंदा पुढे चालवायचा आहे त्याला तो इज्जतीने चालवता आला पाहिजे. हाऊसबोटींची पर्यटन खात्याकडे नोंदणी असते, डीलक्सपासून डी पर्यंत वर्ग ठरलेले असतात, नियम पाळावे लागतात. मग तितक्याच स्पष्टपणे काही गोष्टी या लोकांनाही मिळाल्या पाहिजेत. दुरुस्तीचा अर्ज एका ठरलेल्या मुदतीत निकाली निघावा, कारण बर्फ कार्यालयाच्या तारखेसाठी थांबत नाही. वनखात्याकडचे देवदार रास्त दरात मिळावे. लाकडी बोटीला परवडणारा विमा असावा. आगीसाठी बोटींमध्ये अंतर राखणे आणि पाण्यावरून पोहोचणारी अग्निशमन नौका ही चैन नव्हे. जे दोन-चार उस्ताद सुतार उरले आहेत, त्यांच्या हाताखाली पगार देऊन पोरे बसवली तर दहा वर्षांनी तळ बांधणारा माणूस शिल्लक असेल. आज हे केले नाही तर दहा वर्षांनी परवाना मिळेल, लाकूडही मिळेल, आणि बांधायला कोणी नसेल.

आपल्या हातात काय?

धोरणे तिथले सरकार ठरवील. पण मराठी घरांतून दरवर्षी जी माणसे जातात, त्यांच्याही हातात थोडे काही आहे.

परिस्थिती ठीक असल्याची सरकारी सूचना पाहून, घरच्यांशी बोलून, मगच जायचे ठरवावे. गेलात तर हाऊसबोटीत फक्त 'अनुभव' म्हणून एक रात्र न काढता दोन रात्री काढा. नोंदणी असलेली बोट घ्या आणि सांडपाणी वाहिनीला जोडलेले आहे का, हे सरळ विचारा. चार पाहुण्यांनी विचारले की पाचवा मालक आपण होऊन जोडणी करून घेतो. प्लास्टिकची बाटली, चिप्सची पिशवी तळ्यात टाकू नका आणि मुलांनाही टाकू देऊ नका. हंगाम मंद असताना भाव पाडून घेण्यात शहाणपण मानू नका. पडलेल्या भावात वाचलेले पाचशे रुपये आपल्याला पुढच्या महिन्यात आठवणारही नाहीत. ऑक्टोबरमध्ये चिनारची पाने लाल होतात, तेव्हा गर्दी नसते आणि हवा छान असते. त्या दिवसांत गेलात तर एका कुटुंबाचा हिवाळा सोपा होतो. आणि सकाळचा चहा झाल्यावर मालकाला बोटीचे वय विचारा. कोणी बांधली, तळ शेवटचा कधी बदलला, मुले काय शिकतात, हेही विचारा. बोटीबद्दल बोलायला हे लोक थकत नाहीत.

या समाजाचे पुढे काय होईल, याचे एका वाक्यात उत्तर देणारा माणूस श्रीनगरमध्येही भेटणार नाही. ९१० हा आकडा कागदावर कायम राहील, पण पाण्यावर तो कायम ठेवायला दरवर्षी कोणीतरी तळाच्या फटी भराव्या लागतात. यंदाच्या डिसेंबरातही २१ तारखेला चिल्लई कलां सुरू होईल. बर्फ पडेल. पहाटे अंधारात कोणी बाप आणि त्याची पोरे छपरावर चढून ते खाली ओढतील, खालच्या खोल्या त्या दिवशी रिकाम्या असोत की भरलेल्या.